रस्ता कागदावर असतो, तेव्हाच विचारायचं असतं

मागच्या महिन्यातली गोष्ट. आपल्या शहराच्या एका टोकाची कॉलनी. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की प्रश्न फक्त त्या कॉलनीचा होतो आणि बाकीचे निवांत झोपतात.

मारुतीच्या मंदिरासमोर ओट्यावर रात्री साडेआठला बैठक होती. कॉलनीच्या तोंडाशी बरीच वर्षं पडीक असलेल्या जागेला पत्रे ठोकले गेले होते आणि बाहेर फलक लागला होता. सात मजली चार इमारती. लोकांनी प्रभागातल्या चारही नगरसेवकांना बोलावलं होतं. दोघं आले, एक ताई आणि एक भाऊ. शाल-श्रीफळ झालं, चहा झाला. मग एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले एक काका उठले. हातात निवेदन वगैरे काही नव्हतं. मोजायचा टेप होता.

"भाऊ, एकच विचारतो. मी तीस वर्षं गाडी चालवली. या इमारतीतल्या गाड्या कुठून जाणार, तेवढं सांगा."

मग त्यांनी हिशोब मांडला. मजल्याला चार फ्लॅट धरले तर चार इमारतींचे एकशे बारा. घरटी दोन दुचाक्या आणि निम्म्या घरांत एक चारचाकी धरली तरी दोनशे ऐंशी वाहनं. सकाळी साडेआठ ते दहा या दीड तासात त्यातली बहुतेक बाहेर पडणार. रस्ता कागदावर तीस फूट. काकांनी नातवाला सोबत घेऊन तीन ठिकाणी मोजला होता. एकोणीस, एकवीस आणि डीपीपाशी सतरा. (ही विजेची डीपी. विकास आराखड्याचा डीपी पुढे येतोच आहे.)

भाऊ शांतपणे म्हणाले, "काका, तुमचं एकदम बरोबर आहे. पण बांधकाम परवानगी आमच्या हातात नसते. ते नगररचना विभाग बघतो. अधिकार आयुक्तांचा."

भाऊ खोटं बोलत नव्हते. कायदा तेच सांगतो. पण वीस-बावीस वर्षं या शहरात बातमीदारी करताना हे वाक्य मी सगळ्या पक्षांच्या तोंडून ऐकलंय. उत्तर खरं असूनही दर वेळी प्रश्न जागेवरच राहतो. म्हणून घरी येऊन जुन्या वह्या काढल्या आणि हे लिहायला बसलो. आपल्या शहरात घरं आधी आली की रस्ता आधी आला, आणि जाब विचारायला त्या वेळी समोर कोण होतं, एवढंच बघायचं आहे.

पाणी आधी, पुरे नंतर

१६१० मध्ये मलिक अंबरनं खडकीला राजधानी केलं. खडकाळ, कमी पाण्याची जागा. त्यानं नहर बांधली. डोंगरातलं पाणी जमिनीखालून, खापराच्या नळांतून गावात आणलं. ती नहर-ए-अंबरी आजही अभ्यासकांना इथं खेचून आणते. पुढे मुघलांच्या काळात सरदारांच्या नावानं पुरे वसले. जयसिंगपुरा, पदमपुरा, कर्णपुरा, बेगमपुरा. १६८२ च्या सुमारास औरंगजेबानं शहराभोवती तट बांधला. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून आपण मिरवतो, त्यातले बरेच दरवाजे त्या तटाचे. शहरात कुठून शिरायचं आणि कुठून बाहेर पडायचं, हे ते दरवाजे ठरवत. आज मकाई दरवाजा, बारापुल्ला, महेमूद दरवाजा यांच्यासमोर गाड्या अडकल्या की आपण दरवाजांना नावं ठेवतो. ते बांधले तेव्हा त्यांच्यापुढे घोडे आणि बैलगाड्या होत्या. मधल्या सव्वातीनशे वर्षांत पलीकडे किती माणूस राहायला जाणार, याचा हिशोब दरवाजांनी नाही, आपण करायचा होता.

त्या काळाचं गुणगान करायला मी बसलेलो नाही. त्या राजवटीत सामान्य माणसाला कुणी विचारत नव्हतं. पण वस्ती वसवणाऱ्याला आधी पाण्याची सोय बघावी लागे, एवढं खरं.

दुसऱ्यांदा हे घडलं ते १९७० च्या दशकात, सिडको आलं तेव्हा. एन-१ पासून एन-१३ पर्यंतचे सेक्टर आधी कागदावर आखले. मोठा रस्ता, त्याला मिळणारा मधला, मग गल्ली. बाजार कुठं, शाळा कुठं, मैदान कुठं, हे ठरवून प्लॉट विकले. सिडको-हडकोत ज्यांचं बालपण गेलं त्यांना विचारा, रस्त्यावर क्रिकेट खेळता यायचं. १ एप्रिल २००६ ला हा भाग महापालिकेकडे आला. आज टीव्ही सेंटर किंवा कॅनॉटला संध्याकाळी गाडी लावायला जागा नसते, तरी रस्ता आहे. गल्लीत फायर ब्रिगेडची गाडी शिरते.

आता एक अडचणीचा मुद्दा. मलिक अंबरला मतदार नव्हते. सिडकोचे अधिकारीही निवडून आलेले नव्हते. मग निवडून आलेली माणसं नसली की शहर नीट वसतं, असं म्हणायचं का? आपल्याकडे चहाच्या टपरीवर हे सर्रास बोललं जातं. त्याचं उत्तर पुढच्या इतिहासात आहे.

नळ द्या, ड्रेनेज द्या

नगरपरिषद १९३६ ची. ८ डिसेंबर १९८२ ला महापालिका झाली, भोवतालची अठरा खेडी हद्दीत आली. पहिली निवडणूक व्हायला १९८८ उजाडलं. म्हणजे शहर मोठं झालं आणि पहिली पाच-सहा वर्षं नगरसेवकच नव्हते. हीच वर्षं चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांची. जालना, बीड, परभणी, बुलडाण्याकडून पोरं कामाला आली. त्यांना सिडकोचा प्लॉट परवडत नव्हता. मग शेतकऱ्याकडून, दलालाकडून, बॉंड पेपरवर वीस बाय तीसचा तुकडा. गुंठेवारी. पुंडलिकनगर, मुकुंदवाडी, मिसारवाडी, नारेगाव, अशी नावं सांगत गेलो तर पोस्ट संपणार नाही.

एक गुंठा विकणारा माणूस रस्त्यासाठी जागा कशाला सोडेल? दहा फूट, बारा फूट सोडले, रिक्षा गेली की झालं. घेणाऱ्यालाही पटलं, कारण त्याच्याकडे तेव्हा सायकल होती.

या वस्त्यांनी नगरसेवक निवडले. त्यांनी कामंही केली, नाही असं नाही. पण मतदारानं मागितलं काय? नळ, ड्रेनेज, लाईटचा खांब, गल्लीत सिमेंट. मी स्वतः या प्रचारसभा कव्हर केल्या आहेत. "आमच्या दोन कॉलन्यांना जोडणारा रस्ता आराखड्यात आहे, त्यावर बांधकाम सुरू आहे, तुम्ही काय करताय?" असा प्रश्न मी एकाही कोपरा सभेत ऐकला नाही. २००१ मध्ये राज्यानं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. घर कायदेशीर करायची सोय झाली, हे चांगलंच झालं. गरीब माणसानं आयुष्याची कमाई घातलेली असते. पण गल्ली बारा फुटांची ती बाराच राहिली.

रुळाच्या पलीकडे

सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट सातारा-देवळाईची. मी तिथं आठ वर्षं भाड्यानं राहिलो, त्यामुळे जरा जास्त जीव तुटतो.

मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्ग इथून १९०० च्या सुमारास गेला. तेव्हा शहर रुळाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला शेतं, सातारा गाव, खंडोबाचं मंदिर, डोंगर. पुढे रुळाच्या दक्षिणेकडून बीड बायपास काढला. बायपास कशासाठी? सोलापूर-धुळ्याचे ट्रक शहरात येऊ नयेत म्हणून. मग बायपासच्या दोन्ही बाजूंना प्लॉट पडले, रो-हाऊस आली, अपार्टमेंट आली, मंगल कार्यालयं, कॉलेजं आली. बायपास शहराचा मुख्य रस्ता झाला. त्यावर इतके अपघात झाले की जड वाहनांना ठराविक वेळी बंदी घालावी लागली. शेवटी महामार्गाला आणखी लांबून, निपाणी ते करोडी असा नवा वळणरस्ता काढावा लागला. बायपासला बायपास!

आता बघा, ही हजारो घरं उठत होती तेव्हा सातारा-देवळाईचा मालक कोण होता? आधी ग्रामपंचायत. मग सिडकोच्या झालर क्षेत्रातली अठ्ठावीस गावं, त्यात ही दोन. २०१४ मध्ये सातारा-देवळाई नगरपरिषद झाली. तिची निवडणूक होण्याआधीच २०१५ मध्ये हा भाग महापालिकेत गेला. २०१६ मध्ये दोन वॉर्डांची निवडणूक होऊन पहिल्यांदा महापालिकेत इथले दोन नगरसेवक बसले. एप्रिल २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली. म्हणजे २०१४ ते २०२५ या बारा वर्षांत या भागाला शहराच्या सभागृहात आवाज मिळाला जेमतेम चार वर्षं.

शिवाजीनगरच्या रेल्वे फाटकावर जे उभे राहिले आहेत त्यांना मी काही सांगायला नको. गाडी येणार म्हणून फाटक पडलं की दोन्ही बाजूंना रांग, मध्ये शाळेची व्हॅन, मागे हॉर्न. तिथं भुयारी मार्ग हवा म्हणून लोकांनी निवेदनं दिली, आंदोलनं केली, प्रकरण खंडपीठापर्यंत गेलं. रेल्वे म्हणायची महापालिकेनं जागा द्यावी, महापालिका म्हणायची शासनानं पैसे द्यावेत. भूसंपादनाचा घोळ वर्षानुवर्षं चालला. पण फाटकाची रांग फाटकावर जन्मली नव्हती. पलीकडच्या प्रत्येक ले-आउटला शिक्का बसला, प्रत्येक प्लॉटचं खरेदीखत झालं, त्या दिवशी रांगेत एकेक गाडी उभी राहत होती. ती आपल्याला दिसली दहा-पंधरा वर्षांनी.

आणि दिसली तेव्हा ज्यांना विचारायचं ते बदललेले होते. ग्रामपंचायत उरली नव्हती. सिडको म्हणालं, आता आमच्याकडे नाही. नगरपरिषद तर निवडणुकीआधीच संपली होती. नवे नगरसेवक म्हणाले, हे आमच्या आधीचं आहे. प्रत्येकाचं उत्तर खरं.

सभागृहात डीपी येतो तेव्हा

आता विकास आराखड्याचा डीपी. कोणत्या जमिनीवर घरं, कुठं शाळा, कुठं बाग आणि कुठून किती मीटरचा रस्ता, हे यात ठरतं. तुमच्या गल्लीतला ट्रॅफिक जाम वीस वर्षं आधी इथं ठरतो.

महापालिकेच्या वाढीव हद्दीचा, म्हणजे त्या अठरा खेड्यांचा, सुधारित आराखडा २०१५ मध्ये सर्वसाधारण सभेपुढे आला. नगररचनाच्या अधिकाऱ्यांनी केलेल्या मसुद्यात सभेनं बदल केले. आरक्षणं आणि जमिनींचा वापर बदलल्याचे आरोप झाले. काही नागरिक उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठात गेले आणि २०१६ मध्ये खंडपीठानं तो आराखडा रद्द केला. त्यावर महापौरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि प्रकरण तिथं वर्षानुवर्षं राहिलं. संपूर्ण शहराचा एकत्रित प्रारूप आराखडा जाहीर व्हायला मार्च २०२४ उजाडलं. त्यावर हजारो हरकती आल्या.

म्हणजे "परवानगी आमच्या हातात नाही" म्हणणाऱ्या सभागृहाच्या हातात आराखडा होता. आणि तो हातात असताना जे झालं, त्याचा जाब शेवटी कोर्टात विचारावा लागला.

पण माझा स्वतःचा एक हिशोबही मांडतो. २०१५ च्या त्या दिवसांत आम्ही पत्रकारांनी बातम्या केल्या कुठल्या? कोणत्या पक्षानं गोंधळ घातला, कोण कुणावर धावून गेलं, राजदंड कुणी पळवला. कोणत्या वॉर्डातला कोणता रस्ता किती मीटरनं सरकला, हा नकाशा वाचकाच्या हातात द्यायचं काम आमचं होतं. मी दिला नाही. मला तेव्हा तो नकाशा नीट वाचताही येत नव्हता, हे खरं कारण. पत्रकारितेच्या डिप्लोमात आम्हाला शीर्षक कसं द्यावं ते शिकवलं, सर्व्हे नंबर कसा शोधावा ते नाही. आणि दर आठवड्याच्या प्रॉपर्टी पुरवणीत "स्टेशनपासून दहा मिनिटांवर" अशा ओळी मीच लिहिल्या. दहा मिनिटं कुठल्या रस्त्यानं, ते कधी विचारलं नाही.

सहा वर्षं खुर्च्या रिकाम्या

एप्रिल २०२० ला मुदत संपली. कोरोना आला. मग ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचनेचे खटले. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये निवडणुका घ्यायला सांगितलं आणि प्रत्यक्ष मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. जवळपास पावणेसहा वर्षं या शहरात एकही नगरसेवक नव्हता. आयुक्तच प्रशासक, तेच स्थायी समिती, तेच सर्वसाधारण सभा.

या काळात दोन गोष्टी घडल्या.

पहिली, पंतप्रधान आवास योजनेतली ३९,७६० घरं. तिसगाव, पडेगाव, सुंदरवाडी, हर्सूल, चिकलठाणा अशा जागा ठरल्या. निविदेत गैरप्रकार झाल्याचं समोर आलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेनंच गुन्हा दाखल केला, मार्चमध्ये ईडीनं छापे टाकले. चर्चा झाली ती टेंडरची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण जवळपास चाळीस हजार घरं म्हणजे दीड लाखाच्या वर माणसं. एक तालुक्याचं गाव बसवण्यासारखं. ती माणसं रोज कामाला कोणत्या रस्त्यानं जातील, यावर सभागृहात एक तासाचीही चर्चा झाली नाही, कारण सभागृहच नव्हतं.

दुसरी, जून २०२५ पासूनची पाडापाडी. मुकुंदवाडीपासून सुरुवात झाली. मग बीड बायपास, पैठण रोड, पडेगाव, हर्सूल. रस्ते आराखड्याप्रमाणे रुंद करायचे म्हणून हजारो बांधकामं पाडली. याआधी २०११ मध्ये पुरुषोत्तम भापकर आयुक्त असताना जुन्या शहरात असाच हातोडा चालला होता. दोन्ही वेळा शहरात टाळ्याही वाजल्या आणि रडणंही ऐकू आलं. मी मुकुंदवाडीत होतो. एक माणूस पडलेल्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसला होता. मी माईक धरायच्या आतच तो म्हणाला, "रस्ता पाहिजेच साहेब. पण मी बांधत होतो तेव्हा कुणी आलं असतं तर एवढा पैसा तरी वाचला असता ना."

प्रशासकच बरा, असं ज्यांना वाटतं त्यांनी या वाक्यावर जरा थांबावं. आज आपल्याला मोकळा रस्ता दिसतो. पण त्या जागेवर बांधकाम होऊ दिलं कुणी, घरपट्टी लावून घेतली कुणी, वीज दिली कुणी, याचं उत्तर कुठल्याच जेसीबीनं दिलं नाही. प्रशासक बदलून जातो. त्याला तुमच्या ओट्यावर बोलावता येत नाही. नगरसेवकाला येतं. तो चुकला तरी पुढच्या पाच वर्षांनी परत दारात येतोच.

मग भाऊंना काय विचारायचं?

इंग्लंडमध्ये एखाद्या मोठ्या गृहप्रकल्पाचा अर्ज आला की आजूबाजूच्यांना कळवतात, किमान एकवीस दिवस हरकती घेतात, आणि मोठ्या प्रकल्पांचा निर्णय सहसा नगरसेवकांची समिती उघड बैठकीत मतदानानं घेते. कुणी हात वर केला, ते शेजाऱ्याला दिसतं. आपल्याकडे बांधकाम परवानगीच्या वेळी शेजाऱ्याला नोटीस येत नाही. वीस हजार चौरस मीटरच्या वरचं बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यात वाहतुकीचा विचार करावा लागतो. काकांच्या कॉलनीसमोरच्या चार इमारतींसारखे प्रकल्प सहसा त्याच्या खालीच बसतात.

म्हणून आपल्याकडे प्रश्न आधीच्या पायरीवर विचारावा लागतो. माझ्या वहीत आता हे चार मुद्दे आहेत.

एक, आराखडा. प्रारूप जाहीर झाल्यावर एमआरटीपी कायद्याच्या कलम २६ खाली हरकतीसाठी तीस दिवस असतात. हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात, असं कलम २८ सांगतं. ते तुमचे नगरसेवक. जाहिरात पेपरात आतल्या पानावर, बारीक टायपात येते. ती शोधणं हे आमचं काम, पण तुम्हीही शोधा.

दोन, आराखड्यातला फेरबदल. कलम ३७ खालचे बदल सर्वसाधारण सभेसमोर येतात. "विषय क्रमांक अमुक, मंजूर" असं एका ओळीत उरकतं. आपल्या प्रभागातला असा विषय सभेत आला तर नगरसेवकानं आठवडाभर आधी लोकांना कळवावं, एवढं वचन घेता येतं.

तीन, भूसंपादनाचा पैसा. रस्ता आखला आणि दहा वर्षं जागा घेतली नाही, तर कलम १२७ खाली जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. म्हणजे रस्ता कागदावरूनही जातो. बजेटमध्ये आपल्या प्रभागातल्या आराखड्याच्या रस्त्यांसाठी किती रक्कम आहे, हे विचारलं की उत्तर आकड्यात द्यावं लागतं.

चार, रस्त्याची रुंदी. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ज्यादा एफएसआय आणि टीडीआर रस्त्याच्या रुंदीवर मिळतो. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर तो मिळत नाही. नऊ मीटर म्हणजे साधारण तीस फूट. आता काकांचा टेप आठवा. कागदावर तीस, जागेवर एकोणीस. परवानगी देताना कोणता आकडा धरला? हा प्रश्न नगरसेवक सभागृहात विचारू शकतो आणि प्रशासनाला लेखी उत्तर द्यायला लावू शकतो. मंजूर नकाशा महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतो, नाहीतर माहितीचा अधिकार आहेच.

एक अडचण मात्र नवी आहे. या निवडणुकीत पहिल्यांदाच आपल्याकडे चार-चार नगरसेवकांचे प्रभाग झाले. एकशे पंधरा नगरसेवक, एकोणतीस प्रभाग. जबाबदारी चौघांत वाटली की कुणाचीच राहत नाही, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून चौघांना एकाच कागदावर विचारा आणि चौघांची सही घ्या.

त्या रात्री ओट्यावर तेच झालं. "परवानगी आमच्या हातात नाही" यावर काका म्हणाले, "मान्य. परवानगीचं विचारतच नाही. आपण दोघं उद्या टेप धरू. जे भरेल ते तुमच्या लेटरहेडवर लिहून आयुक्तांना द्या आणि सभेत विचारा, की परवानगीला कोणता आकडा धरला. एवढं तर हातात आहे ना?"

भाऊ क्षणभर गप्प बसले. ताई म्हणाल्या, "उद्या नको काका, परवा सकाळी सातला. उद्या माझ्याकडे लग्न आहे."

परवा सकाळी सातला मीही गेलो. ताई आल्या. भाऊ आठला आले, पण आले. टेपचं एक टोक ताईंनी धरलं, दुसरं काकांच्या नातवानं. आकडे तेच. पत्र गेलं. उत्तर अजून आलेलं नाही. इमारत कदाचित होईल, तीन मजले कमी होतील किंवा काहीच होणार नाही. त्या पायावर मी बोट ठेवून काही सांगू शकत नाही.

पण पत्राची तारीख नोंदली गेली आहे. दहा वर्षांनी त्या तोंडाशी रांग लागली आणि कुणी म्हणालं की हे आमच्या आधीचं आहे, तर त्या कॉलनीकडे चौघांची नावं असलेला कागद असेल. सातारा-देवळाईत राहत असताना आमच्याकडे तेवढंही नव्हतं.